‘१२ पानं पेशंटला काय कळणार?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की सोलापुरात विडी वळणारी बाई किंवा यंत्रमागावरचा कामगार औषधाच्या चाचणीत भाग घेण्यासाठीचा १२ पानांचा संमती फॉर्म वाचत नाही, डॉक्टरांवर विश्वास ठेवून ते सांगतील तिथं अंगठा देतो. मग हे सोपस्कार कशाला? त्यानं संशोधनच अडतं.

फॉर्म फार लांब असतात, हे मान्य. पण कळत नाही याचं खापर पेशंटवर फोडणं मला पटत नाही. इंग्रजी फॉर्मचं मराठी करताना ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द येतो. उलट भाषांतरात, म्हणजे तपासणीसाठी मराठीचं पुन्हा इंग्रजी करताना, तो बिनचूक इंग्रजीत परत जातो आणि फॉर्म पास होतो. अर्थ बदलला नाही एवढंच त्यातून ठरतं. ऐकणाऱ्याला समजलं का, हे बघायला फॉर्म एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे) जाण्याआधी वैद्यकाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना वाचून दाखवावा. ‘यादृच्छिकीकरण’ऐवजी ‘नवं औषध की नेहमीचं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टरांनाही निवडता येणार नाही’ हे कुणालाही कळतं. शिवाय इथं एकट्या मराठीवर भागत नाही. शहराच्या पूर्व भागात तेलुगू लागते, अक्कलकोटकडच्या अनेकांना कन्नड.

आता अंगठ्याचं. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो आणि तो बोलणं सुरू झाल्यापासून हजर लागतो. सगळं सांगून झाल्यावर वॉर्डातल्या कुणाला तरी हाक मारून घेतलेली सही ही साक्ष नव्हे. प्रकल्पात काम करणारी सिस्टरही साक्षीदार म्हणून चालत नाही. बाई समजण्याच्या स्थितीत असेल तर तिच्याऐवजी नवऱ्याची सही चालत नाही. पेशंट दुर्बल गटातला आणि औषधातला रेणू (मूळ रसायन) नवा असेल, तर औषध चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार या संभाषणाचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही करावं लागतं.

‘कळलं ना?’ असं विचारलं की मान हलतेच. त्यापेक्षा विचारावं, ‘मधेच सोडलंत तर तुमचे नेहमीचे उपचार थांबतील का?’ ‘हे जादा रक्त कशासाठी?’ उत्तर चुकलं तर तेवढाच भाग पुन्हा सांगायचा. हे संशोधन म्हणजे उपचारच असा समज पेशंटचा सहज होतो, कारण सांगणारा त्याचा डॉक्टरच असतो. तुम्ही म्हणता तो विश्वास इथं उलट धोक्याचा ठरतो.

संशोधन कशानं अडतं, तेही बघा. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात (आता तेलंगणात) गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या एचपीव्ही लशीचा प्रकल्प झाला. अनेक मुलींच्या फॉर्मवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१० मध्ये तो थांबला. लस घेतलेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, तरी संमतीतल्या त्रुटींवर संसदीय समितीनं २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले.

विडीची मजुरी हजारावर मिळते, म्हणजे तपासणीचा दिवस बुडीत. ती बुडालेली मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं किती मिळणार, ते फॉर्ममध्ये आकड्यात लिहा, कमिटीची मंजुरी घेऊन. सही झालेल्या फॉर्मची प्रत फाइलला लावून मोकळं होऊ नका, ती त्या बाईच्या हातात द्या. त्यावर डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर ठळक हवा, म्हणजे रात्री घरी त्रास झाला तर मुलाला तो वाचून फोन लावता येईल.