देवमासे ‘आत्महत्या’ करत नाहीत

देवमासे किनाऱ्यावर येऊन अडकतात, त्यावरचा लेख आवडला, पण त्यातलं ‘देवमासे सामूहिक आत्महत्या करतात’ हे वाक्य खटकलं. असं म्हणायला आधार नाही. जिवंत कळपच्या कळप किनाऱ्याला लागतात ते बहुतेक ‘पायलट’ नावाच्या जातीच्या देवमाशांचे. दात असलेले हे देवमासे आवाज सोडतात आणि प्रतिध्वनीवरून समोरचं ओळखतात. आपल्या सातपुड्याच्या कड्यासमोर हाळी दिली तर परत येते, तापीकाठच्या सपाट रानात विरून जाते. हळूहळू उथळ होणाऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर त्यांचा आवाजही तसाच विरत असावा. त्यात कळपाची माया इतकी, की एक अडकला तरी बाकीचे त्याला सोडून जात नाहीत. तमिळनाडूत तिरुचेंदूरजवळ जानेवारी २०१६ मध्ये ८० च्या आसपास अडकले, न्यूझीलंडच्या फेअरवेल स्पिट या वाळूच्या पट्ट्यावर २०१७ मध्ये ४०० हून जास्त.

माणसाचा हात लेखात आलाच नाही, हे नवल! मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर चोचीसारखं तोंड असलेले देवमासे किनाऱ्याला लागले, त्यामागे सोनार (पाण्यात आवाज सोडून पाणबुड्या शोधणारं यंत्र) होतं हे खुद्द अमेरिकन नौदलाने मान्य केलं. सौरवादळांमुळे दिशा चुकते म्हणतात, तो मात्र अजून अंदाजच.

लेखाखाली कुणीतरी विचारलंय, जळगाव-धुळ्याच्या माणसाला याचं काय? अहो, दिवाळीच्या सुट्टीत कोकणात गर्दी कोणाची असते? असं जनावर दिसलं तर शेपटी धरून ओढू नका. अंगावर ओली कापडं टाका, डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका आणि वनखात्याला १९२६ वर फोन करा.