बाकडं असं बसवा, की कुणी बसणार नाही

लोकांना टेकायला जागा नाही अशी ओरड झाली आणि मार्च तोंडावर आला, की वॉर्डात बाकडी बसवावीच लागतात. अडचण एवढीच, की बाकडं दिसलं की माणसं बसतात. तुमच्या वॉर्डात असं होऊ द्यायचं नसेल तर नकाशा हातात असतानाच काळजी घ्या.

सगळ्यात आधी, कोणी टेकू नये म्हणून जमिनीत रोवतात ते धातूचे टोकदार सुळे नकोत. २०१४ साली लंडनमध्ये सदर्क भागात एका इमारतीच्या दाराशी ते लावले, २०१८ साली मुंबईत फोर्टमध्ये एका बँकेने लावले. दोन्हीकडे फोटो फिरले, बोभाटा झाला आणि मुकाट्याने काढावे लागले. सुळ्याचा फोटो झकास येतो, उताराचा येत नाही. तेव्हा उतार द्या.

माणूस पाय टेकवून नीट बसतो ते साधारण ४५० मिमी उंचीवर. तुम्ही ७०० धरा. बैठकीची खोली ४०० ते ४५० लागते, तिथे २०० पुरे. बैठक मागे किंचित कललेली असली की पाठ विसावते, म्हणून ती पुढे दहा-पंधरा अंश झुकवा. बसस्टॉपवर तर फळीही नको, दोन इंची स्टीलचे दोन पाइप आडवे वेल्ड करा. सगळा भार मांडीखालच्या दोन रेघांवर येतो आणि दहा मिनिटांत माणूस आपण होऊन उभा राहतो. छत असं काढा, की दुपारचं ऊन थेट पाइपवर येईल. मे महिन्यात बाकीचं काम ऊनच करतं.

सहा फुटी बाकडं आधीच बसवून झालं असेल तर मधे खुर्चीला असतात तसे दोन हात वेल्ड करून घ्या. दोन-दोन फुटांचे तीन कप्पे होतात, आडवं पडायची सोय संपते. मात्र हात मधेच हवेत, दोन्ही टोकांना चुकूनही नकोत. टोकाच्या हातावर जोर देऊन गुडघेदुखीवाल्या आजी उठू शकतात, आणि उठता येतं म्हटलं की त्या बसायलाही लागतात. कडेवर मूल आणि हातात दोन पिशव्या असलेली बाई या कप्प्यात मावत नाही, हा वरचा फायदा.

पुलाखाली दगड रोवा. सहा इंची गोटे सिमेंटमध्ये उभे बसवायचे तर शंभर चौरस फुटांना साधारण अर्धा ब्रास, म्हणजे पन्नास घनफूट, लागतात. अंदाजपत्रकात याला सुशोभीकरण म्हणायचं. मग तिथे झाडू फिरत नाही, गोट्यांच्या खाचांत गुटख्याची पाकिटं अडकतात, पाणी साचतं, डास होतात. त्यासाठी वेगळं टेंडर निघतं, तेव्हा तक्रार कशाला! झोपणारा मात्र कुठून तरी प्लायवूडचा तुकडा आणतो, गोट्यांवर टाकतो आणि झोपतो. ज्याला दुसरीकडे जागाच नाही त्याला कुठलंही डिझाइन पुरत नाही. उठून जातो तो चार पावलांवर दम लागणारा करदाता.

कोणी नावं ठेवलीच, तर लंडनच्या कॅम्डेनचा दाखला द्या. तिथल्या कौन्सिलसाठी २०१२ साली काँक्रीटचं असं बाकडं घडवलं, की झोपायला सपाट जागा नाही, पत्रक चिकटत नाही, स्केटबोर्ड घसरत नाही. टेकता येतं, पण फार वेळ नाही. आपल्याकडे एवढा अभ्यास न करताही तिथवर पोचलो आहोत, हे विनयाने सांगा.

पाठ ठेवायचीच असेल तर निधी कोणाचा ते ठळक रंगवण्यापुरती ठेवा. कोणी टेकून बसला की नाव झाकलं जातं, म्हणून न बसणारं बाकडं साहेबांनाही आवडतं.

राहिलं उद्घाटन. पाहुण्यांना उभं ठेवता येत नाही, म्हणून मंडपवाल्याकडून पन्नास प्लास्टिकच्या खुर्च्या मागवा. संध्याकाळी मोजून परत करा. एखादी मागे राहिली तर लोक बसतील.