गळका स्लॅब किरायदारानं दुरुस्त करायचा? त्या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. घरमालकांना उद्देशून लिहिलेला हा मेसेज थोडक्यात असा: घरात जो राहतो त्यानंच दुरुस्ती करायची असते, भाडे नियंत्रण कायदा मुंबई-पुण्याचा आहे, मराठवाड्यात तो चालत नाही, करार तोंडी किंवा अकरा महिन्यांचा असेल तर किरायदाराला कसलाच हक्क नाही, तक्रारी करणाऱ्याचं पाणी आणि लाईट तोडून त्याला बाहेर काढता येतं, आणि दुरुस्तीचा खर्च डिपॉझिटमधून कापता येतो. खाली ‘वकिलांच्या सल्ल्याने’ असंही लिहिलेलं असतं.

हा मेसेज वाचून गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एका काकूंनी अख्खा पावसाळा मशीनवर प्लास्टिक टाकून काढला. मालकाकडे जायला त्या तयारच नव्हत्या. का, तर म्हणे कायदाच मालकाच्या बाजूचा आहे. तो तसा नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

सुरुवात मराठवाड्याच्या मुद्द्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त लोक त्यालाच फसतात. त्याला जुनं मूळ आहे. आपण हैदराबाद राज्यात होतो, तेव्हा १९५४ साली तिथं घरभाड्याचा स्वतंत्र कायदा झाला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी हा कायदा आपल्याकडे तसाच चालू राहिला. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबईचा कायदा, विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडचा, आपल्याकडे हैदराबादचा, असे एकाच राज्यात तीन कायदे होते. म्हणून जुन्या बाजारपेठेतली म्हातारी माणसं अजूनही ‘रेंट कंट्रोलरकडे केस’ असं म्हणतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यानं हे तिन्ही कायदे रद्द केले. त्याला आता पंचवीस वर्षं उलटून गेली. आज मराठवाड्यातला घरमालक आणि मुंबईतला घरमालक एकाच कायद्याखाली येतात. वाद चालतो तो दिवाणी न्यायालयात, बहुतेक ठिकाणी कनिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. हा कायदा त्याच्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, नमूद असलेल्या भागांना लागू होतो. आपलं गाव त्यात आहे का, हे तालुक्याच्या कोर्टातल्या कोणत्याही वकिलाला विचारून घ्यावं. अनुसूचीबाहेरच्या गावात १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बघावा लागतो, आणि तिथं मालकानं दुरुस्तीचं काय कबूल केलं होतं याला फार महत्त्व येतं. शिवाय सरकारी जागा आणि बँका किंवा मोठ्या कंपन्यांनी घेतलेल्या जागा १९९९ च्या कायद्यातून वगळल्या आहेत. साध्या कुटुंबाच्या घराचा त्याच्याशी संबंध नाही.

आता मूळ दावा: ‘राहील त्यानं दुरुस्त करावं.’ १९९९ च्या कायद्याचं कलम १४ याच्या नेमकं उलट सांगतं. जागा चांगल्या आणि राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. स्लॅब गळतो, भिंतीला ओल धरून पोपडे निघतात, संडासाचा पाईप फुटलाय, जिन्याचा कठडा सुटलाय, हे सगळं त्यात येतं. घर कोणाचं म्हातारं होतंय, हा साधा प्रश्न आहे. पाऊस किरायदारानं पाडलेला नसतो आणि तीस वर्षांपूर्वी स्लॅबमध्ये लोखंड किती घातलं, हेही त्यानं ठरवलेलं नसतं.

मेसेजमधला अर्धा खरा भाग इथं आहे. कलम १४ ची सुरुवात ‘किरायदारानं याविरुद्ध करार केला नसेल तर’ अशा अर्थाच्या अटीनं होते. म्हणजे ‘सर्व प्रकारची दुरुस्ती भाडेकरू स्वखर्चाने करील’ असं लिहिलेल्या कागदावर तुम्ही सही केली असेल, तर मालक तो कागद पुढे करणार. म्हणून सही करायच्या आधी ते एक वाक्य शोधा. नळाची चकती, बल्ब, दाराची कडी असली किरकोळ कामं किरायदारानं करावीत, यात गैर काही नाही. ‘सर्व’ शब्द असेल तर तो खोडून ‘किरकोळ’ लिहून घ्या आणि दोघांच्या सह्या बाजूला घ्या. किल्ली हातात यायच्या आधी मालक हे बहुतेक वेळा मान्य करतो, नंतर करत नाही.

माळवदाच्या, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेल्या सपाट छताच्या, घरांबद्दल दोन शब्द वेगळे लिहितो. जुन्या गावभागात अजून अशी घरं किरायानं दिली जातात. माळवदावर दरवर्षी मृगाच्या आधी पांढरी माती टाकावी लागते, नाहीतर पाणी मुरतं, लाकूड कुजतं आणि भिंती आतून पोकळ होतात. मालक म्हणतो, ‘वरची माती तुम्ही टाका, आमच्या वडलांच्या काळापासून असंच चालतं.’ चालत असेल. पण तसा करार नसेल तर छत ही मालकाची जबाबदारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं कोसळून हजारो माणसं झोपेतच गेली. एवढं पाहिलेल्या मराठवाड्यात छताच्या दुरुस्तीवर ‘बघू दिवाळीनंतर’ असं उत्तर कुणी देऊ नये आणि कुणी ऐकूनही घेऊ नये.

मालक ऐकतच नसेल तर काय? तेही कलम १४ मध्येच आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी वेळेत मालकानं काम केलं नाही तर किरायदार स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वाड्यात चार किरायदार असतील तर चौघं मिळून नोटीस देऊ शकतात आणि खर्च आपापल्या भाड्याच्या प्रमाणात वाटून घेऊ शकतात. पण एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. भाडं महिन्याला ६,००० असेल तर वर्षाचे ७२,००० होतात, त्याचा चौथा हिस्सा १८,०००. गच्चीच्या कोब्याला आणि वॉटरप्रूफिंगला २६,००० लागले, तर त्या वर्षी १८,००० च्या पुढे कापता येत नाहीत. काम काढायच्या आधी हा हिशेब मांडा. सिमेंटच्या दुकानाचं बिल, गवंड्याच्या मजुरीची सही घेतलेली पावती, सगळं जपून ठेवा. पावत्यांसह ठेवलेला तो हिशेब या कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे.

या मेसेजला उत्तर म्हणून काही जण ग्रुपवर ‘मग भाडंच बंद करा’ असा सल्ला देतात. कृपा करून तो ऐकू नका. भाडं देत असणं आणि द्यायला तयार असणं, हेच किरायदाराचं संरक्षण आहे. ते थांबलं की मालकाच्या हाती थकबाकीचं कारण येतं, आणि मूळ गळती बाजूला राहून कोर्टात तुमच्या न भरलेल्या महिन्यांची चर्चा होते. कायद्याप्रमाणे वळती करायची तेवढीच रक्कम वळती करा, उरलेलं भाडं वेळेवर द्या. मालक घेत नसेल तर मनीऑर्डरनं पाठवा, म्हणजे नाकारल्याचाही पुरावा राहतो. थकबाकी असली तरी मालकाला लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबावंच लागतं, त्याआधी ताब्याचा दावा लावता येत नाही.

तोंडी कराराचा मुद्दा तर मेसेजवाल्यावरच उलटतो. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळणं हा गुन्हा आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल किरायदार जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. आणि दुरुस्ती किरायदारावर टाकणारा लेखी कागदच नसेल तर कलम १४ तसंच्या तसं लागू. भाड्याची पावती देणंही मालकावर बंधनकारक आहे. पावती देत नसेल तर फोनवरून पैसे पाठवा, तीच नोंद होते.

अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ची गोष्ट वेगळी, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. लातूरला क्लासेससाठी आलेली मुलं, वाळूजला कंपनीत लागलेली पोरं, यांचे करार बहुधा याच प्रकारचे असतात. अशा करारात राहणारा कायद्यानं भाडेकरू ठरत नाही, मुदत संपली की त्याला जागा सोडावी लागते, आणि कलम १४ चा आधार त्याला सरळ मिळत नाही. म्हणून त्याला ‘कसलाच हक्क नाही’ असं होत नाही. करारात मालकानं जे लिहून दिलं ते त्याच्यावर बंधनकारक आहेच. शिवाय १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे, जागेत जीवाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. मुलाला खोली घेऊन देणाऱ्या आईवडलांनी ‘गळती, वायरिंग आणि पाण्याची मोटर यांची दुरुस्ती मालक करील’ एवढी एक ओळ करारात घालून घ्यावी.

पाणी-लाईट तोडायच्या धमकीबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण इथं कायदा अगदी स्वच्छ आहे. भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातले दिवे, संडास-साफसफाईची सोय योग्य कारणाशिवाय तोडायला कलम २९ मनाई करतं. न्यायालय ती पुन्हा सुरू करायचा आदेश देऊ शकतं, आणि मालकावर फौजदारी कारवाईही होऊ शकते. आपल्या उन्हाळ्यात बोअरची मोटर बंद ठेवणं म्हणजे काय, ते टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. आणि बाहेर काढायचं तर कोर्टाचा हुकूम लागतो. ‘दुरुस्ती करायची आहे, खाली करा’ असं मालक म्हणाला, तरी त्यासाठीही कोर्टातूनच जावं लागतं, आणि काम झाल्यावर परत राहायला येण्याचा हक्क भाडेकरूला मागता येतो.

इमारत खरोखर पडायला आली असेल तर महापालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे लेखी अर्ज करा; मालकाला दुरुस्तीची किंवा पाडण्याची नोटीस काढायचा अधिकार त्यांना आहे. पण हे पाऊल विचार करून उचला. इमारत धोकादायक ठरली तर ती रिकामी करायची नोटीस सगळ्यांनाच येते, शेजाऱ्यांनाही. त्यांच्याशी आधी बोला.

मालकांचीही एक खरी अडचण आहे. जुन्या पेठांत काही जागांचं भाडं इतकं कमी आहे की वर्षाच्या भाड्यात एक खोलीही रंगवून होत नाही. पण त्यासाठी दरवर्षी ४ टक्के वाढ घ्यायची मुभा याच कायद्यात आहे. ती न घेता राग छतावर काढला, तर शेवटी मालकाचीच भिंत पडते.

राहिलं डिपॉझिट. किरायदाराच्या हातून काच फुटली, दार मोडलं तर तेवढं कापावं. वापरानं उडालेला रंग आणि छतातून उतरलेली ओल यांचे पैसे त्यातून घेता येत नाहीत. राहायला जाल त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून मालकाला फोनवर पाठवा.

आणि नोटिशीसाठी वकील लागतोच असं नाही. साध्या कागदावर तारीख घालून, पोच मिळेल अशा रीतीनं पोस्टानं पाठवा, एक प्रत स्वतःजवळ ठेवा. मजकूर असा चालेल: ‘मी आपल्या घरात भाड्याने राहतो. स्वयंपाकघराच्या वरचा स्लॅब गळत आहे व पश्चिमेची भिंत ओली आहे. फोटो सोबत जोडले आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दुरुस्ती करावी. वाजवी मुदतीत न केल्यास मी दुरुस्ती करून घेईन व खर्च कायद्याच्या मर्यादेत भाड्यातून वळता करीन. भाडे मी नियमित देत आहे व देत राहीन.’