निघालोच, पुलावर आहे

सांगलीहून नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शनाला जायचं. गाडी सकाळी ६ ला विश्रामबागेतून, माणसं ११, आणि ६ ते ७ मध्ये प्रत्येकजण कधीही उगवणार. गाडी हलणार किती वाजता? बरोबर एक हिशेबी गृहस्थ असतातच. ते म्हणतात, ‘सरासरी साडेसहाला.’ या गृहस्थांकडे गाडी ठरवायचं काम मी तरी देणार नाही. गाडी अडते ती शेवटच्यासाठी, आणि शेवटचा कोण हे आधी देवालाच ठाऊक.

म्हणून त्याचा नाद सोडायचा आणि विचारायचं: क्ष मिनिटांत झाडून सगळे आलेले असतील का? एकाची शक्यता क्ष भागिले ६०. प्रत्येकजण स्वतंत्रपणे, दुसऱ्याशी संबंध न ठेवता येत असला, तर अकरांची म्हणजे तिचा अकरावा घात. साडेसहापर्यंत सुटायची शक्यता निघते २०४८ मध्ये १. शेवटच्या दहा मिनिटांत सुटायची सुमारे ८७ टक्के. सरासरी वेळ ६० गुणिले ११/१२, म्हणजे ६ वाजून ५५ मिनिटं.

घनता, म्हणजे कोणत्या क्षणाच्या आसपास सुटायची शक्यता किती दाट हे दाखवणारा आलेख, हवी तर आधी घात, मग अवकलन. पोरं घनतेचाच घात करून मोकळी होतात. काहीजण अवकलनात पुढे येणारा ११ गिळतात; मग आलेखाखालचं क्षेत्रफळ १ ऐवजी १/११ भरतं आणि उरलेली शक्यता कुठं गेली म्हणून शोधाशोध.

खरी मेख ‘स्वतंत्र’ या शब्दात आहे. काका, काकू आणि दोन पोरं एकाच रिक्षातून उतरतात, त्यांना चार धरून चालत नाही. अकराजण चार घरांतले असले आणि प्रत्येक घर एकदमच येत असलं तर घात ४ चा, सरासरी ६ वाजून ४८ मिनिटं. (कृष्णेचंही तसंच. आजचं पाणी कालच्या पाण्यावर चढतं, म्हणून एका दिवसाच्या पातळीच्या शक्यतेचा ३६५ वा घात करून पुराचा अंदाज निघत नाही. वर्षाची सर्वांत मोठी पातळी घेऊन तिला गुम्बेलसारखं, खास सर्वांत मोठ्या आकड्यांसाठीचं, वितरण लावून बघतात. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. सरासरी पातळी विचारणारा सांगलीकर मला अजून भेटायचाय.)

शिवाय ७ वाजता सगळे आलेच, हे कुणी सांगितलं? सरासरी उशीर २० मिनिटं, पण वरची मर्यादाच नाही, असं घातांकी वितरण धरा. मग गाडी सुटायला सरासरी २० गुणिले (१ + १/२ + … + १/११) मिनिटं, म्हणजे तासाच्या किंचित वर. त्यातली शेवटची पुरी २० मिनिटं दहाजण एकट्या अकराव्याच्या नावानं खडे फोडत असतात. हे वितरण विसरभोळं. आधी कितीही थांबला असाल, तरी पुढची सरासरी २० च. पुलापलीकडच्या सांगलवाडीचा गडी फोनवर ‘निघालोच, पुलावर आहे’ म्हणतो तेव्हा तो टॉवेल गुंडाळून उभा असतो, हे ध्यानात घेतलं की सूत्र पटतं.

मात्र ऐनवेळी मावशी ‘मी पण येते की’ म्हणाल्या, तर बाराव्या माणसानं सरासरी वाढते २० भागिले १२, म्हणजे १ मिनिट ४० सेकंद. त्यांना नको म्हणायला दुसरं कारण शोधा.