वाकड्या बोटांतून दुःख निघत नाही

गेले पंधरा दिवस आमच्या भागातल्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. बचत गट, शाळेचे पालक, भजनी मंडळसुद्धा सुटलं नाही. पांढऱ्या कुडत्यातला एक 'मास्टर' सांगतो की मनावरचा प्रत्येक आघात कंबरेच्या खोल स्नायूत साठून राहतो. आडवं पडून तोंडानं जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला ऑक्सिजन दुप्पट होतो. हातापायाला मुंग्या आल्या, बोटं वाकडी झाली की दुःख बाहेर पडतंय असं समजायचं आणि अजिबात थांबायचं नाही. ही आपल्या ऋषींची विद्या. आणि २१ दिवसांनी टेन्शनच्या गोळ्या नाल्यात फेका. खाली कोर्सची लिंक, ४९९ रुपये.

असल्या गोष्टींवर मी शब्द खर्च करत नाही. पण गेल्या मंगळवारी हा व्हिडिओ माझ्या काकूच्या घरात शिरलेला पाहिला.

काका गेले त्याला दोन वर्षं होतील. कसे गेले, हे यवतमाळ जिल्ह्यात कोणी विचारत नाही. काकू वर्षभरापासून सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या घेते आणि त्यांनी तिला झोप लागत होती. मंगळवारी चुलतबहिणीचा फोन आला, लवकर ये. गेलो तर काकू चटईवर पडलेली, दोन्ही हात छातीवर. घास घेताना जुळतात तशी बोटं जुळून ताठ झालेली, अंगठा तळव्यात दाबलेला, मनगट आत वळलेलं. शेजारीण कांदा फोडून नाकाशी धरायला बसली होती, फिट आली म्हणून. उशाशी मोबाईलवर मास्टरचं चालूच होतं, "और तेज़, और तेज़."

आणि काकू मलाच धीर देते, "बाबू, घाबरू नोको. हात वाकडे झाले म्हंजे दुख निंगून राह्यलं, सांगतलं होतं त्याईनं."

म्हणून सुरुवात या वाकड्या बोटांपासूनच करतो. शरीराला गरज नसताना धापा टाकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर कमी होतो. मास्टर त्याला 'विष' म्हणतो, पण रक्ताचा तोल त्याच्यावरच उभा आहे. तो घटला की रक्त अल्कधर्मी होतं, त्यात मोकळं फिरणारं कॅल्शियम प्रथिनांना चिकटतं, मज्जातंतू नको तितके चेतवले जातात आणि हातापायाचे स्नायू आखडतात. डॉक्टर याला टेटनी म्हणतात; धनुर्वाताचं टिटॅनस वेगळं. ज्याला आयुष्यात पेपराशिवाय दुसरं दुःख ठाऊक नाही अशा दहावीतल्या पोराला धापा टाकायला लावल्या, तरी त्याचीही बोटं अशीच वळतील. (लावू नका.) म्हणजे त्रास व्हायला लागला की तोच गुण आल्याचा पुरावा, आणि पुरावा मिळाला म्हणून आणखी जोरात. माणूस थांबणार कधी?

मेंदूचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढताना रुग्णाला तीनेक मिनिटं मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला सांगतात. कशासाठी? लपलेली फिट असेल तर ती उघडी पडावी म्हणून. तिथं शेजारी माणूस उभा असतो. जे प्रयोगशाळेत नजरेखाली करतात, ते फिटवाल्यानं, हृदयाचा त्रास असलेल्यानं किंवा गरोदर बाईनं घरी एकटीनं करायचं, आणि सोबतीला एक मोबाईल!

ऑक्सिजन दुप्पट, म्हणे. करोनात घराघरांत बोटाला ते यंत्र लावून झालंय. धडधाकट माणसाचा आकडा आधीच ९७-९८ टक्के असतो. त्याची दुप्पट किती होते, सांगा. उलट अशा धापांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथं रक्त कमी पोचतं. जी 'दिव्य' गरगर वाटते ती त्याची.

ऋषींचंही तसंच. आडवं पडून, मोठ्या आवाजातल्या संगीतावर जोरात श्वास घेण्याचा हा प्रकार १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात स्टानिस्लाव्ह ग्रोफ या मानसोपचारतज्ज्ञानं बसवला, एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली पदार्थावर बंदी आल्यावर त्याच्या जागी काहीतरी हवं म्हणून. हठयोगाचा जुना ग्रंथ, आपली हठप्रदीपिका, तर सांगते की वाघ-सिंह-हत्ती जसे हळूहळू वश करतात तसा श्वास वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. हळूहळू, बरं का.

कंबरेतल्या दुःखाबद्दल थोडक्यात. आघातानं धडधड होते, माणूस दचकून उठतो, अंग आवळलेलं राहतं, हे खरं आहे. पण स्नायू म्हणजे कणगी नव्हे, दुःख भरून ठेवायला आणि हलवून रिकामं करायला. काकूची कंबर दुखते कारण वेचणीच्या दिवसांत ती सकाळपासून कापसाची ओटी बांधून वाकलेली असते. आणि तिची झोप उडवणारी फाइल तहसीलमध्ये आहे. काकांचं प्रकरण मदतीला 'अपात्र' ठरलं.

आता नाइलाजानं एक कबूल करतो. त्या दिवशी काकूची बोटं सुटली ती श्वासानंच. मोबाईल बंद केला, तिचा हात धरला आणि म्हटलं, माझ्यासंगं मोज, चार आकडे आत, सहा बाहेर, नाकानं. थोड्या वेळात हात मोकळा झाला. सावकाश, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की जीव शांत होतो, हे खोटं नाही. अमेरिकेत २०१४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात जुन्या आघातातून जडलेल्या पीटीएसडी या मनाच्या आजारानं त्रस्त ६४ बायका होत्या. १० आठवड्यांच्या योगानंतर ५२ टक्के बायका त्या आजाराच्या निकषाबाहेर आल्या, नुसत्या आरोग्याच्या वर्गाला बसलेल्यांतल्या २१ टक्के. पण तिथं योग उपचाराच्या जोडीला होता. उपचार बंद करून नव्हता!

आणि माझा खरा राग इथं आहे. काकूनं २१ दिवसांचीही वाट पाहिली नाही, बारा दिवसांपासून गोळी घेतली नव्हती. नैराश्याच्या गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर येते, झोप जाते, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. काकूला हे सगळं होत होतं आणि ग्रुपवर तिला उत्तर मिळालं, "विष बाहेर पडतंय." बरं वाटायला लागल्यावरही या गोळ्या साधारण किमान सहा महिने चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात.

आपल्याकडे काय उपयोगी पडतं ते शोधायला कॅलिफोर्नियाला जायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गावातल्याच शिकवलेल्या कार्यकर्त्या घरोघरी जायच्या, बोलायच्या. जास्त त्रास असेल त्याला समुपदेशक, आणि गरज पडली तर डॉक्टर आणि गोळ्या. नैराश्य असलेल्या १०० जणांत आधी जेमतेम ४ जण मदत घेत होते, दीड वर्षानं २७. जीव द्यायचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं. तुलनेला वेगळी गावं नव्हती, म्हणून सगळं श्रेय एकट्या कार्यक्रमाला देता येणार नाही. तरी हा आकडा वऱ्हाडातला आहे.

बुधवारी काकूला घेऊन दवाखान्यात गेलो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी १४४१६ लिहून दिलाय. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात. सकाळी ती ओट्यावर बसून चार-सहा मोजते, ते मी बंद करायला सांगितलं नाही.

परतताना एसटीत तिनं विचारलं, "ते पाचशे रुपये वापस भेटतीन का?" दहा रुपये किलोनं वेचणी धरली तर तो पन्नास किलो कापूस. कोर्सच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, पैसे परत होत नाहीत, पण मॅडमचे अजून नऊ दिवस शिल्लक आहेत.