झोपलेल्या बाळाच्या छातीवरच्या तीन पट्ट्या

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चारदा आला. दोन गिऱ्हाइकांनी पाठवला, एकदा भाचीने, एकदा सोसायटीच्या हळदीकुंकवाच्या ग्रुपवर. वर फोटो: पाळण्यात गाढ झोपलेलं बाळ, अंगात पिवळं झबलं, छातीवर तीन पट्ट्या. एकीला चोखणी, दुसरीला टीथर (दात येताना चावायचं खेळणं), तिसरीला कापडी ससा. खाली मजकूर: ‘चोखणी आणि खेळणी बाळाच्या कपड्यालाच अडकवा. खाली पडत नाहीत, जंतू लागत नाहीत. रात्री बाळाला स्वतःची स्वतः सापडतात, आईची झोप मोडत नाही. चोखणीने झोपेतले अचानक मृत्यू टळतात, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सांगितलंय. हाताशी सतत खेळणं असलं की मेंदू वाढतो. आपल्या आज्याही हेच करायच्या!’

मी बाळंतविडे शिवते. झबली, टोपडी, दुपटी, लाळेरी, कुंच्या. या धंद्यात बावीस वर्षं झाली. चोखणीची पट्टी लावलेली झबलीही शिवते आणि ती चांगली खपतात, तेव्हा माझं दुखणं वस्तूबद्दल नाही. त्या फोटोतलं बाळ झोपलेलं आहे, हे माझं दुखणं आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या डॉक्टरांपासून करते, कारण तिथे मेसेज अर्धा खरा आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना. झोपवताना बाळाला चोखणी देऊन बघा, त्याने झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी होतो, असं ती २००५ पासून सांगते. अंगावर पिणारं बाळ असेल तर आधी पिणं नीट बसू द्या, मग चोखणी, हेही सांगते. मेसेज इथे थांबतो, सूचना थांबत नाहीत. बाळ झोपल्यावर चोखणी गळून पडली तर परत तोंडात घालायची गरज नाही, पडली तरी फायदा राहतो. म्हणजे रात्रभर ती हाताशी ठेवण्याचा आटापिटाच नको. आणि त्यांच्या २०२२ च्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय: चोखणी गळ्यात अडकवू नका, कपड्याला जोडायची चोखणी झोपलेल्या बाळाला लावू नका, चोखणीला कापडी खेळणी जोडू नका. फोटोतल्या बाळाची चोखणी त्याच डॉक्टरांच्या नकाराच्या यादीत!

आता ‘स्वतःची स्वतः सापडते’. तीन महिन्यांच्या बाळाला स्वतःची मूठ तोंडात नेताना दोनदा नाकावर बसते. ते अंधारात पट्टी चाचपणार, चोखणी सरळ धरणार आणि तोंडात घालणार? हे जमायला सात-आठ महिने उजाडतात. तोवर बाळ पालथं पडायला लागलेलं असतं, झोपेत गिरक्या घेतं, आणि पट्टी त्याच्याबरोबर फिरते. म्हणजे आधी पट्टीचा उपयोग नसतो, आणि उपयोग सुरू होतो तेव्हा तिची भीती आणखी वाढते.

भाचीने ऑनलाइन मागवलेलं असलं झबलं मी टेबलावर पसरून मोजलं. पट्टी एकतीस सेंटीमीटर. मग तिच्या सहा महिन्यांच्या लेकीच्या मानेभोवती टेप धरली (तिला वाटलं खेळ चाललाय, टेपच चावायला लागली). साडेबावीस. फेरा बसून वर गाठीपुरती पट्टी उरते. युरोपात चोखणीच्या पट्टीला २२ सेंटीमीटरची मर्यादा आहे, वीतभरच म्हणा ना. टेप धरल्यावर कळलं की हा आकडा का. अमेरिकेत तर १९७८ पासून चोखणीला फीत, दोरी किंवा साखळी जोडून विकायलाच मनाई आहे, आणि ती गळ्यात बांधू नका ही ताकीद छापावी लागते.

यावर ग्रुपवरच्या एका काकूंचं म्हणणं, ‘अगं पण ही दोरी नाही, टिचबटण आहे, ओढलं की सुटतं.’ शिवणाऱ्या बाईला विचारा, काकू. टिचबटण सैल बसवलं तर पट्टी सुटते खरी, पण बटणाची टोपीही एक दिवस निघते आणि बाळाच्या घशाकडे जाते. घट्ट बसवलं तर टोपी निघत नाही, पण मग मानेला वेढा पडला तरी पट्टी सुटत नाही. दोन्ही एकाच बटणाकडून मागता येत नाही. युरोपात तान्ह्या मुलांच्या खेळण्यावरचा असा भाग ९० न्यूटनच्या ओढीला टिकावा लागतो, म्हणजे नऊ किलोचं वजन टांगल्यासारखं. माझ्याकडच्या हातप्रेसने बसवलेलं बटण तेवढं टिकेल, अशी शपथ मी घेणार नाही. घशात जाणारी वस्तू ओळखायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी साधारण तेवढीच. तिच्यात जे पूर्ण मावतं, ते बाळाच्या पट्टीवर नको. हल्ली फॅशनमध्ये असलेले लाकडी मणी सगळे मावतात.

मण्यांवरून आठवलं. २०१८ साली अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने) दात येतानाच्या माळा आणि ब्रेसलेटांबद्दल इशारा दिला होता. अठरा महिन्यांचं एक मूल गळ्यातल्या अंबरच्या (झाडाच्या जुन्या, दगडासारख्या झालेल्या डिंकाच्या) माळेचा फास बसून झोपेतच दगावलं. दुसरं सात महिन्यांचं, त्याच्या घशात ब्रेसलेटचे लाकडी मणी अडकले आणि दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हा आईवडील समोर होते.

जंतूंचं म्हणाल तर खाली पडलेली चोखणी आपण निदान धुतो. छातीवर लोंबणारी लाळेत, गुळणीत, वरणाच्या पाण्यात बुचकळून थेट तोंडात जाते. पट्टीचं कापड दिवसभर ओलं राहतं ते वेगळंच.

मेंदूबद्दल फार बोलत नाही. बाळ खुळखुळा मुद्दाम खाली टाकतं, तो कुठे गेला ते बघतं आणि आपल्याकडे बघून हसतं. पट्टीला बांधलेला खुळखुळा पडतच नाही.

राहिल्या आज्या. माझी आजी पाळण्यावर चिमणाळं टांगायची, बाळाच्या अंगावर नाही. झबल्याचे बंद बोटभर असायचे, कारण लांब बंद पोरं चोखतात आणि अडकतात, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. खुळखुळा हातात द्यायची आणि डोळा लागला की अलगद काढून घ्यायची. सगळं बरोबर करायची असं नाही. गळ्यात काळा गोफ घालायचीच. तोही झोपताना काढा असं मी सांगते, आणि त्यावरून गिऱ्हाइकांच्या सासूबाईंशी माझं वाजतं.

मग पट्टी वापरायची कधी? बाळ जागं असताना, कुणाचं तरी लक्ष असताना. लोकलमध्ये मांडीवर बसलंय, बाबागाडीतून भाजीला निघालंय, तिथे पट्टीसारखं सुख नाही. मी वीस सेंटीमीटरची, एकच, मणी न लावता शिवते आणि टोक उलट्या शिलाईने तीनदा पक्कं करते. ती झबल्याला शिवून टाकत नाही, चिमट्यावर ठेवते, म्हणजे झोपवताना काढता येते. परवा एकीने आग्रह धरला, ‘ताई, जरा लांब करा ना, पाळण्याच्या कठड्यालाही लावता येईल.’ मी पैसे परत दिले.

भाचीच्या झबल्याच्या तिन्ही पट्ट्या उसवल्या. ससा दिवाणखान्यात असतो. उसवलेलं कापड चांगलं सुती होतं, त्याची लाळेऱ्याला पायपिंग लावली.