खुलासा : व्हर्जिनियातली पत्रं आणि ‘हरणांची मेजवानी’

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय : अमेरिकेतल्या व्हर्जिनियात गेलेल्या पहिल्या इंग्रज वसाहतकऱ्यांनी घरी धाडलेल्या पत्रांत म्हणे नुसती सुबत्ताच दिसते, रानात हवी तेवढी हरणं आणि पोटभर जेवण. हे खरं नाही. तशी वर्णनं ही वसाहत वसवणाऱ्या आणि तिच्यासाठी माणसं मिळवायला निघालेल्या व्हर्जिनिया कंपनीच्या प्रचारपत्रकांत सापडतात.

व्हर्जिनियातल्या मार्टिन्स हंड्रेड वस्तीतल्या रिचर्ड फ्रेथॉर्न या करारबद्ध (ठरावीक वर्षं राबायला बांधलेल्या) नोकराचं १६२३ मधलं आईवडिलांना लिहिलेलं पत्र वाचा. जहाजातून उतरल्यापासून वाटाणे आणि पातळ पेज याखेरीज काही खाल्लं नाही, हरणाचं मांस तर दिसलंही नाही, असं तो सांगतो. त्याचा झगा सोबत्यानंच चोरला. तो विकूनच त्यानं जहाजावरून लोणी आणि गोमांस घेतलं असणार, अशी त्याची खात्री. घरच्यांनी आपल्याला सोडवावं, निदान खायला तरी पाठवावं, ही विनवणी. चीज पाठवाल तर जुनंच पाठवा, पिंपात प्रत्येक चिजेमध्ये लाकडाच्या ढलप्या घाला, नाहीतर जहाजाच्या तळातल्या उष्म्यानं ते सडेल, हेही तो बजावतो. भुकेल्या पोराचं हे बारीक लक्ष मला फार लागतं.

सगळ्यांचीच पत्रं अशी नव्हती. पण हे पत्र कंपनीच्या कागदपत्रांत टिकलं आहे. मजकूर पुढे ढकलण्याआधी ते जरूर वाचा.